चलन भरलं म्हणजे रिटर्न भरलं असं नाही हो!

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : लहान मालकांसाठी पगारावरचा टीडीएस आणि प्रोफेशन टॅक्स

मागच्या अंकात पगारावरच्या टीडीएसबद्दल, म्हणजे मालकाने पगारातून कापून सरकारला भरायच्या आयकराबद्दल, चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतकी पत्रं नि मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. लिहिणारे सगळे लहान मालक, म्हणजे कुणाकडे चार माणसं कुणाकडे नऊ, वेगळा अकाउंट्स विभाग नाही, दिवसभर धंदा बघायचा आणि रात्री जेवून झाल्यावर लॅपटॉप उघडून पोर्टलशी झटायचं. अशा लोकांसाठी सोप्या भाषेत कुणी लिहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. खालचे टीडीएसचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत आणि 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलंय, पण २०२५-२६ चं जे काही भरायचं किंवा दुरुस्त करायचं राहिलंय ते जुन्या कायद्याच्या हिशेबानेच, त्यामुळे खाली जुनेच नंबर दिलेत.

प्रश्न : ताई नमस्कार, माझा कोचिंग क्लास आहे, चार शिक्षक आणि एक ऑफिस सांभाळणारी मुलगी, सगळे पगारावर. मित्र म्हणतो आता बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही तर तुला टीडीएसचं काही बघायला नको. खरं आहे का? टॅन नंबर, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा नंबर, काढायचा की नाही?
— क्लासचालक, सांगली

उत्तर : मित्र अर्धं बरोबर बोलतोय. पगारावरच्या टीडीएसला, म्हणजे कलम १९२ ला, ठराविक टक्का नसतो, तुम्ही प्रत्येक माणसाचा वर्षाचा पगार अंदाजाने मांडायचा, त्यावर वर्षाचा टॅक्स काढायचा आणि तो बारा महिन्यांत वाटून कापायचा. २०२५-२६ मध्ये नव्या रेजीममध्ये (म्हणजे कमी दर, पण बहुतेक वजावटी नसलेल्या करपद्धतीत) ७५,००० रुपये स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, आहे आणि त्यानंतरचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए ची सूट मिळून टॅक्स शून्य होतो, म्हणजे नुसता पगार असलेल्या माणसाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत काही कापायचं नाही. तुमच्या पाचही जणांचा पगार याच्या खाली असेल आणि कुणी जुनी रेजीम मागितली नसेल तर पगारावर टीडीएस नाही, आणि दुसरा कुठला टीडीएसही कापत नसाल तर टॅनची घाई नाही.

पण समजा तुमच्या फिजिक्सच्या सरांना महिन्याला १,१५,००० देता. वर्षाचे झाले १३,८०,०००, त्यातून ७५,००० गेले, राहिले १३,०५,०००. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि उरलेल्या १,०५,००० वर १५ टक्के म्हणजे १५,७५०. बेरीज ७५,७५०, त्यावर ४ टक्के सेस ३,०३०, एकूण ७८,७८०. भागिले बारा, महिन्याला ६,५६५ रुपये कापायचे. हे एका कागदावर मांडून सरांना एप्रिलमध्येच दाखवा, त्यांनाही बरं वाटतं की कुठून आला हा आकडा ते कळलं. एका माणसाचा जरी टॅक्स बसला तरी टॅन काढावाच लागतो, त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.

आणि त्यांना एकदा लेखी विचारा की नवी रेजीम की जुनी. काही बोलले नाहीत तर नवी धरायची. जुनी हवी असेल तर गुंतवणुकीचं, घरभाड्याचं डिक्लेरेशन फॉर्म १२बीबी मध्ये घ्या आणि पुरावे बघूनच धरा, तोंडी सांगण्यावर नको.

एखाद्या तिमाहीत कुणाचाच टीडीएस नसेल आणि टॅन मात्र काढलेला असेल तर ट्रेसेसवर, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएसच्या साइटवर, जाऊन 'या तिमाहीत रिटर्न लागू नाही' असं डिक्लेरेशन टाकून ठेवा. नाही टाकलं तर रिटर्न का आलं नाही म्हणून मेल येत राहतात आणि माणूस उगाच घाबरतो.

प्रश्न : मी दर महिन्याला सात तारखेच्या आत टीडीएसचं चलन भरतो, एकही चुकवलेलं नाही, सगळ्या पावत्या फाइलला आहेत. तरी आठ हजारांची डिमांड, म्हणजे आणखी पैसे भरा अशी नोटीस, आली. पैसे वेळेवर भरूनसुद्धा दंड? हा कुठला न्याय?
— इंजिनिअरिंग वर्कशॉप, कोल्हापूर

उत्तर : दादा, तुमचा राग समजू शकते, कारण तुम्ही खरंच प्रामाणिकपणे भरलंय. पण चलन आणि रिटर्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे कुणीतरी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चलनातून सरकारला एवढंच कळतं की या टॅनवरून इतके पैसे आले. ते कुणाच्या पगारातून कापले, कुणाच्या पॅनवर जमा करायचे, हे चलनात कुठेच नसतं, ते सांगतं ते तिमाही रिटर्न म्हणजे फॉर्म २४क्यू. रिटर्न येईपर्यंत तुमच्या माणसाच्या घामाचे पैसे तुमच्या टॅनखाली नुसते पडून असतात, त्याच्या २६एएस मध्ये, म्हणजे त्याच्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी तक्त्यात, एक रुपया दिसत नाही.

तारखा भिंतीवर लिहून ठेवा. एप्रिल ते जूनचं रिटर्न ३१ जुलै, जुलै ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबर, ऑक्टोबर ते डिसेंबरचं ३१ जानेवारी आणि जानेवारी ते मार्चचं ३१ मे. उशीर झाला की कलम २३४ई प्रमाणे दिवसाला २०० रुपये लेट फी. तुम्ही पाठवलेल्या कागदावर सप्टेंबर तिमाहीचं रिटर्न १० डिसेंबरला गेलेलं दिसतंय, म्हणजे नोव्हेंबरचे ३० आणि डिसेंबरचे १० असे ४० दिवस, गुणिले २००, झाले ८,०००. हिशेब बरोबर आहे. ही फी त्या तिमाहीच्या टीडीएसच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही एवढाच काय तो दिलासा, आणि विनंती करून ती माफ होत नाही, त्यामुळे त्या मागे वेळ घालवू नका, भरून टाका.

ही फी खरं तर रिटर्न टाकण्याआधी भरून त्या चलनाचा तपशील रिटर्नमध्येच द्यायचा असतो. याशिवाय कलम २७१एच चा वेगळा दंड आहे, तो १०,००० पासून १ लाखापर्यंत जाऊ शकतो. तो टाळायला पूर्वी वर्षभराची सवड होती, १ एप्रिल २०२५ पासून ती एक महिन्यावर आलीय. म्हणजे टॅक्स, व्याज, फी भरून देय तारखेपासून महिन्याच्या आत रिटर्न गेलं तर हा दंड नाही. म्हणून सांगते, एखादी तारीख हुकलीच तर 'आता उशीर झालाच आहे तर पुढच्या तिमाहीबरोबर टाकू' असं अजिबात करू नका, दुसऱ्या दिवशी बसा आणि टाका.

प्रश्न : जूनचा टीडीएस फक्त एक दिवस उशिरा म्हणजे ८ जुलैला भरला तर दोन महिन्यांचं व्याज लावलंय. एका दिवसाचे दोन महिने कसे होतात?
— आर्किटेक्टचं ऑफिस, नाशिक

उत्तर : कापून वेळेवर न भरलेल्या टीडीएसवर महिन्याला दीड टक्का व्याज आहे आणि महिन्याचा तुकडासुद्धा पूर्ण महिना धरतात. व्याजाचं मोजमाप सात तारखेपासून होत नाही, कापल्याच्या तारखेपासून होतं, आणि ट्रेसेस कॅलेंडर महिना धरतं. ३० जूनला कापला, ८ जुलैला भरला, म्हणजे जूनचा एक आणि जुलैचा एक. ६,५६५ रुपयांवर ३ टक्के म्हणजे १९७ रुपये. रक्कम किरकोळ आहे पण ती भरली नाही तर डिमांड तशीच लोंबकळत राहते.

इथे एक गोष्ट मात्र बघा, कारण बऱ्याच लहान ऑफिसात हीच चूक असते. पगारावरचा टीडीएस पगार देताना कापायचा असतो. तुम्ही जूनचा पगार खरोखर ५ जुलैला देत असाल तर कापल्याची तारीख ५ जुलै आहे, ३० जून नाही, आणि भरायची मुदत ७ ऑगस्ट. शिवाय ती नोंद सप्टेंबर तिमाहीच्या रिटर्नमध्ये येते. सॉफ्टवेअरमध्ये महिन्याची शेवटची तारीख आपोआप पडते आणि कुणी बदलत नाही, मग नसलेलं व्याज बसतं. पगाराचं बँक स्टेटमेंट समोर ठेवा आणि खऱ्या तारखा टाका. आणि मार्चमध्ये कापलेल्या टीडीएसला मुदत ३० एप्रिलपर्यंत असते, ७ एप्रिल नाही, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : ताई, सीएची फी परवडत नाही म्हणून मी यूट्यूबवर बघून स्वतः २४क्यू भरायला बसले. आरपीयूमध्ये सगळं टाईप केलं पण व्हॅलिडेट केलं की चलन मॅच होत नाही म्हणून एरर येते, तीन रात्री झाल्या, रडू यायचं बाकी आहे. चलनाची पावती माझ्या हातात आहे, पैसे गेलेत, मग मॅच का होत नाही?
— दातांचा दवाखाना, रत्नागिरी

उत्तर : ताई, आधी हे सांगते की स्वतः करायला बसलात हेच मला फार आवडलं. पाच-दहा माणसांचं रिटर्न स्वतः करता येतं, एकदा हात बसला की तासाभराचं काम आहे. तुम्ही एररचा फोटो पाठवलात म्हणून मला लगेच कळलं काय झालंय ते, पण बाकीच्यांसाठी सगळं पहिल्यापासून सांगते.

आरपीयू म्हणजे रिटर्न तयार करायचं फुकट सॉफ्टवेअर, प्रोटीन कंपनीच्या, म्हणजे पूर्वीच्या एनएसडीएलच्या टिन साइटवर मिळतं, चालायला जावा लागतं. दर वेळी नवीन व्हर्जन उतरवून घ्या, गेल्या तिमाहीचं डेस्कटॉपवर पडलंय ते वापरू नका, जुन्या व्हर्जनची फाइल पोर्टल घेत नाही. पहिल्या पानावर टॅन, पत्ता, जबाबदार व्यक्तीचं नाव वगैरे. तिथेच विचारतात की आधीच्या तिमाहीचं २४क्यू भरलंय का, आणि भरलं असेल तर त्याचा १५ आकडी टोकन नंबर मागतात, तो जुन्या पावतीवर असतो. दुसऱ्या पानावर चलनं, बँकेचा सात आकडी बीएसआर कोड, भरल्याची तारीख, पाच आकडी चलन नंबर, आणि रक्कम टॅक्स, व्याज, फी अशी फोडून. तिसऱ्या पानावर म्हणजे अ‍ॅनेक्शर एक मध्ये प्रत्येक चलनाखाली माणसं, त्यांचा पॅन, खाजगी नोकरीसाठी ९२बी हा कोड, पगार दिल्याची तारीख, कापल्याची तारीख, रक्कम. एका चलनाखालच्या माणसांच्या टीडीएसची बेरीज चलनातल्या टॅक्सपेक्षा जास्त झाली की फाइल पुढे सरकत नाही.

हे झालं की 'क्रिएट फाइल' दाबल्यावर सॉफ्टवेअर तुम्हाला सीएसआय फाइल मागतं, आणि तुमची गाडी अडलीय ती इथे. सीएसआय म्हणजे तुमच्या टॅनवर कुठली कुठली चलनं जमा झालीत त्याची सरकारी यादी. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर टॅनने लॉगिन करून ई-पे टॅक्समध्ये गेलं की ती तारखा टाकून उतरवता येते. तुम्ही तारखा टाकल्यात १ एप्रिल ते ३० जून, कारण तिमाही तीच आहे, कुणालाही हेच सुचेल. पण तुमचं जूनचं चलन भरलंय ६ जुलैला! म्हणजे यादीत ते तिसरं चलन आलंच नाही आणि सॉफ्टवेअर म्हणतंय की असं चलन मला दिसत नाही. पुन्हा जा, तारखा १ एप्रिल ते आजपर्यंत टाका, नवी सीएसआय फाइल घ्या, नाव न बदलता जशीच्या तशी निवडा आणि व्हॅलिडेट करा. बाकी काही बदलू नका. मला जवळजवळ खात्री आहे की एवढ्याने होईल.

तरी नाही झालं तर पुढच्या चार गोष्टी बघा. चलनाची तारीख म्हणजे पावतीवरची जमा तारीख, चलन बनवलं त्या दिवसाची नाही. बीएसआर कोडच्या सुरुवातीला शून्य असतं ते एक्सेलमधून कॉपी केलं की गळून जातं, मोजून सात आकडे आहेत का बघा. चलन नंबरचंही तेच, ००३१४ असेल तर ३१४ नाही लिहायचं. आणि रक्कम रुपयाला रुपया पावतीशी जुळली पाहिजे. एरर आली की एक एरर फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते आणि त्यात कितव्या ओळीत काय चुकलं ते लिहिलेलं असतं. बरेच जण ती न उघडताच पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतात.

सगळं जुळलं की एफव्हीयू फाइल, म्हणजे तपासून अपलोडसाठी तयार झालेली फाइल, आणि सोबत फॉर्म २७ए तयार होतो. २७ए म्हणजे एका पानात सगळ्या बेरजा, तो प्रिंट काढून तुमच्या वहीशी ताडून बघा, अपलोडच्या आधी चूक पकडायची ही शेवटची जागा. मग एफव्हीयू फाइल झिप करून पोर्टलवर टॅन लॉगिनमधून अपलोड करायची आणि डीएससी (डिजिटल सही) किंवा ईव्हीसीने (ओटीपीसारख्या कोडने) व्हेरिफाय करायची. व्हेरिफिकेशन अर्धवट सोडून लॅपटॉप मिटू नका, ते झालं नाही तर रिटर्न गेलंच नाही असं समजा. टोकन नंबर आला की तो लगेच वहीत, पुढच्या तिमाहीला लागणार आहे.

आणि चौथ्या तिमाहीची एक खास सूचना. त्या वेळी अ‍ॅनेक्शर दोनही भरावं लागतं, प्रत्येकाचा वर्षभराचा पगार, वजावटी, एकूण टॅक्स. त्यात एक कॉलम आहे, ११५बीएसी (म्हणजे नव्या रेजीमचं कलम) मधून बाहेर पडताय का, हो किंवा नाही. लोक घाईत वाचतात, 'नवी रेजीम आहे ना, मग हो' करतात. उलटं आहे ते! बाहेर पडताय का म्हणजे नवी सोडताय का. नव्या रेजीमवाल्याला 'नाही', जुन्या रेजीमवाल्याला 'हो'. इथे चुकलं की त्या माणसाचा फॉर्म १६, म्हणजे पगाराचा नि कापलेल्या टॅक्सचा दाखला, चुकीच्या रेजीमचा निघतो, आणि टॅक्स कमी कापला म्हणून डिमांड तुमच्यावर येते.

प्रश्न : आमच्याकडून सोडून गेलेल्या एका मुलाने फोन करून फार कडक शब्दांत सुनावलं की माझ्या पगारातून टीडीएस कापलात आणि खाल्लात. आम्ही सगळा टीडीएस भरलाय, रिटर्नही गेलंय. पण त्याच्या २६एएस मध्ये खरंच काही नाही. आता काय करू, फार अपमान वाटला.
— ट्रान्सपोर्ट ऑफिस, सोलापूर

उत्तर : अपमान वाटणं स्वाभाविक आहे, पण दादा, त्या मुलाच्या जागी बसून बघा. नव्या नोकरीत त्याचा रिटर्न अडलाय, कापलेले पैसे कुठे दिसत नाहीत, त्याने काय समजावं? तुमची नियत साफ आहे हे त्याला पोर्टलवर दिसत नाही.

तुम्ही पाठवलेला पॅन आणि रिटर्नमधला पॅन मी शेजारी ठेवून वाचला तर चौथ्या अक्षरापर्यंत सगळं ठीक, पाचवं अक्षर 'एम' च्या जागी 'एन' पडलंय. पैसे एक तर दुसऱ्याच कुणाच्या पॅनवर दिसत असतील किंवा पॅन चुकीचा म्हणून अडकले असतील. सुधारता येतं. ट्रेसेसवर टॅनने लॉगिन करा, त्या तिमाहीची कन्सो फाइल, म्हणजे भरलेल्या रिटर्नची एकत्र प्रत, मागवा. मागवताना खात्रीसाठी ते त्या तिमाहीचा टोकन नंबर, एका चलनाचा तपशील आणि काही पॅन व त्यांच्या रकमा विचारतात, हे सगळं रिटर्नमध्ये भरलं होतं तसंच्या तसं टाकायचं, चुकलेल्या पॅनची ओळ इथे वापरू नका. फाइल आली की आरपीयूमध्ये उघडून ती एक ओळ दुरुस्त करायची, पुन्हा व्हॅलिडेट, पुन्हा अपलोड. याला करेक्शन रिटर्न म्हणतात. तिमाहीत एकापेक्षा जास्त चुका असतील तर जस्टिफिकेशन रिपोर्टही उतरवून घ्या, त्यात डिमांड कशाकशाची आहे ते ओळीओळीने असतं.

करेक्शन प्रोसेस झालं की काही दिवसांनी त्याच्या २६एएस मध्ये रक्कम दिसेल. तोवर त्या मुलाला तुम्ही स्वतः फोन करा, चूक आमची होती, दुरुस्ती अमुक तारखेला टाकलीय आणि हा टोकन नंबर, असं स्पष्ट सांगा. आणि दिसल्यावर त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागून घ्या. मी तर आता प्रत्येक तिमाहीनंतर सगळ्याच माणसांना 'तुमचं २६एएस उघडून बघा आणि मला सांगा' असा मेसेज करायला लावते. पॅन टाईप करण्याऐवजी कार्डच्या फोटोवरून दोघांनी मिळून वाचून घ्या, एकाने वाचायचं एकाने बघायचं.

प्रश्न : माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या सहा बायका, पगार १६ ते १९ हजार. आधीचा अकाउंटंट प्रत्येकीचे २०० रुपये प्रोफेशन टॅक्स म्हणून कापायचा. एक बाई म्हणाली तिच्या बहिणीच्या कंपनीत कापत नाहीत. कोण बरोबर?
— गारमेंट युनिट, इचलकरंजी

उत्तर : बहिणीची कंपनी बरोबर! महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर प्रोफेशन टॅक्स नाही. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती, तुमच्या अकाउंटंटने बहुतेक जुनाच तक्ता चालू ठेवला. तेव्हापासूनचे पैसे मोजा, वर्षाला प्रत्येकी २,५०० होतात, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी ही लहान रक्कम नाही. ते सरकारकडे भरले असतील तर परत मिळवायचं नंतर बघा, पण त्यांचे त्यांना आधी द्या असं मी कळकळीने सांगेन.

पुरुषांसाठी ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला महिना १७५, आणि १०,००० च्या वर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि हे ३०० मिळून २,५००, राज्यघटनेने प्रोफेशन टॅक्सला वर्षाची हीच कमाल मर्यादा घातलीय म्हणून फेब्रुवारीत तो विचित्र आकडा येतो. २५,००० च्या वरच्या महिलांनाही हेच दर. पासष्ट वर्षांवरच्या माणसाचं कापायचं नाही.

मालकाला दोन नंबर लागतात आणि त्यात सगळे गोंधळतात. पीटीआरसी म्हणजे माणसांचं कापून भरायचा नंबर, पीटीईसी म्हणजे तुमच्या स्वतःच्या धंद्याचा, त्याचे वर्षाला २,५०० एकदाच, ३० जूनच्या आत. पीटीआरसीचं रिटर्न फॉर्म तीन-बी मध्ये महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी खात्याच्या पोर्टलवर जातं, आधी पैसे भरायचे मग रिटर्न. आदल्या वर्षी एकूण प्रोफेशन टॅक्स १ लाखाच्या आत असेल तर वर्षातून एकच रिटर्न, ३१ मार्चपर्यंत, आणि ते मार्च ते फेब्रुवारी असं धरतात, एप्रिल ते मार्च नाही. उशीर झाला तर पहिले ३० दिवस २०० रुपये लेट फी, त्यानंतर १,०००.

आणि हो, टीडीएस शून्य आहे म्हणून हे सुटत नाही. वरच्या सांगलीच्या क्लासवाल्यांनीही हे वाचून ठेवा.

प्रश्न : फॉर्म १६ मी एक्सेलमध्ये करून सही-शिक्का मारून दिला तर चालतो का? सगळे आकडे बरोबर आहेत.
— किराणा होलसेलर, जालना

उत्तर : नाही चालत. फॉर्म १६ चे भाग ए आणि भाग बी दोन्ही ट्रेसेसवरूनच उतरवून, सही करून द्यायचे. चौथ्या तिमाहीचं रिटर्न प्रोसेस झाल्यावरच ते मिळतात, म्हणून ३१ मेची वाट बघत बसू नका, मेच्या पहिल्या पंधरवड्यात टाका, कारण माणसांना फॉर्म १६ द्यायची तारीख १५ जून आहे आणि उशिराला दिवसाला ५०० पर्यंत दंड लागू शकतो. तुम्ही दिलेल्या एक्सेलच्या कागदावर माणसाने रिटर्न भरलं आणि आकडा २६एएस शी जुळला नाही तर त्याचा रिफंड अडकतो.

प्रश्न : अकाउंटंट अचानक सोडून गेला. टॅनचा पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, ट्रेसेसचा मेल पण त्याचाच. तो फोन उचलत नाही. रिटर्नला बारा दिवस राहिलेत.
— छोटं हॉस्पिटल, अहिल्यानगर

उत्तर : बारा दिवस पुरेसे आहेत, पण आजच सुरुवात करा. त्याला भांडणाचा नाही तर साधा मेसेज करा, 'फक्त एक ओटीपी सांगा, नंबर बदलून घेतो, तुमचा पुढे संबंध नको', कारण खूपदा माणूस घाबरून फोन उचलत नाही आणि असा मेसेज आला की उत्तर देतो. नाहीच दिलं तर तुमची किंवा तुमच्या प्रिन्सिपल काँटॅक्टची (पोर्टलवर नोंदवलेल्या जबाबदार व्यक्तीची) डीएससी पोर्टलवर रजिस्टर आहे का बघा, तिने पासवर्ड बदलता येतो. तेही नसेल तर पोर्टलच्या हेल्पलाइनला टॅन अलॉटमेंटचं पत्र आणि हॉस्पिटलच्या लेटरहेडवर अर्ज तयार ठेवून फोन करा.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, आरपीयूला लॉगिन लागत नाही, त्यामुळे पगारपत्रकं, पॅन, चलनाच्या पावत्या घेऊन फाइल भरायला घ्या. बँकेतून भरलेल्या चलनांची तारीख आणि रक्कम बँक स्टेटमेंटवरून मिळते. सीएसआय आणि अपलोड एवढंच शेवटच्या दिवसांसाठी राहील.

लॉगिन हातात आलं की पोर्टल, ट्रेसेस आणि महाजीएसटी तिन्हीकडे मोबाइल तुमचा आणि मेल हॉस्पिटलचा टाका. नवा अकाउंटंट आला की त्याला पासवर्ड द्या, ओटीपी मात्र तुमच्या फोनवर येऊ दे, तुम्ही ऑपरेशनमध्ये असलात तर पाच मिनिटं थांबेल तो.